मामांना खाली रेंज नसते

माझ्या मामेसासऱ्यांइतका बोलका माणूस पेणपासून रोह्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. अट एवढीच, की आधी त्यांना टॉवरच्या टोकावर चढवावं लागतं. जमिनीवर असेपर्यंत ते बोलत नाहीत. कमी बोलतात, मोजकं बोलतात, असलं काही नाही, बोलतच नाहीत. 'हं' हे त्यांचं जमिनीवरचं एकमेव भाषण, आणि तेही सणासुदीला. आमच्या लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचा मान त्यांचा. त्यांनी तिला आणलं, पाटावर उभं केलं, मी वाकून नमस्कार केला तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून 'हं' केलं आणि मांडवाच्या एका खांबाला टेकून जे उभे राहिले, ते शेवटची पंगत उठेपर्यंत तिथून हलले नाहीत. परतीच्या गाडीत माझ्या आईने डोळ्यांना पदर लावला. "मुलीचा मामा रुसलाय रे. मानपानात आपलं काहीतरी राहिलं." मग दिवाळीला तिने त्यांना मुद्दाम पेणला बोलावून टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. त्यांनी तो घेतला, 'हं' केलं आणि गेले. राग गेला नाही असं ठरवून आईने पुढच्या दिवाळीला पुन्हा टोपी दिली. हे बरीच वर्षं चाललं. मामा टोपी घालत नाहीत, पण आज त्यांच्याकडे एखादी दिंडी सजेल एवढ्या टोप्या आहेत.

योग असा, की मामा आणि मी एकाच ठिकाणी कामाला. पेणमधला आमचा ठेकेदार मोबाइलच्या टॉवरवर केबल चढवायची कामं घेतो. टॉवरच्या टोकाला अँटेना असते हे सगळ्यांना दिसतं. तिच्या पाठीशी एक पेटी असते, तिला आमच्यात रेडिओ म्हणतात. या रेडिओवर गाणी लागत नाहीत. त्याला खालून दोन गोष्टी पोचवाव्या लागतात: एक वीज, आणि दुसरी फायबर, म्हणजे केसाएवढी काचेची तार पोटात घेतलेली केबल. दोन्ही दोराने वर ओढायच्या, टॉवरच्या अंगाला चापांनी बांधत न्यायच्या आणि रेडिओला जोडायच्या. हे करणाऱ्याला रिगर म्हणतात. मामा रिगर आणि मी सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे खाली उभं राहून वर बघणारा माणूस. माझी मान आता अशी झाली आहे, की देवळात गेलो तरी आधी कळस दिसतो आणि मग देव. घरी मी ज्यांच्या पाया पडायचं त्यांनाच साइटवर हुकूम सोडायचा, म्हणजे मोठी पंचाईत. "मामा, आपण बेल्ट लावलात का?" असं मी अदबीने विचारलं की बाकीची माणसं तोंड फिरवून हसायची. एकदा एक चाप ढिला राहिला म्हणून मी त्यांना जेवणाआधी पुन्हा चढायला लावलं. ती बातमी माझ्या आधी घरी पोचली. "माझ्या मामाला उपाशी चढवलंत?" एवढंच बायको म्हणाली, आणि त्या संध्याकाळी माझ्या ताटात काय वाढलं गेलं ते मी सांगणार नाही. अशा या माणसाला कायमचं जमिनीवर उतरवायचं काम पुढे माझ्याच वाट्याला आलं.

पण आधी ते वर कसे असत, ते सांगायला हवं. मामांचा आवाज नारळाच्या झाडाची उंची ओलांडली की फुटतो. खाली पट्टे आवळताना, हुक तपासताना, पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावताना अगदी शुकशुकाट. मग ते चढू लागतात, शेजारच्या माडाची झावळी त्यांच्या पायाखाली जाते आणि माझा फोन वाजतो. "जावईबापू, आयकताय ना? आज वारं खाडीवरनं हाय. बेस हाय. चहा पाठवा." हा चहाचा क्रम ठरलेला. केबल ओढायला वर कप्पी लावली की तिच्यावरून पहिली वर जाणार ती चहाची किटली, मग पॉवर, मग फायबर. ठेकेदाराने एकदा किटलीवर बंदी घातली. त्या दिवशी कप्पी जी अडली ती काही केल्या फिरेना. शेवटी ठेकेदाराने स्वतःच चहा मागवला, तेव्हा ती लोण्यासारखी फिरली. पॉवरच्या जाड केबलशी मामांचं वागणं दांडगाईचं. "ही म्हैस हाय. दावं लावा न वडा." फायबर वर येऊ लागली की मात्र आवाज एकदम मऊ. "सावकाश. सावकाश. ही नवी सून हाय, हिला मुरड घालू नका. आत काच हाय तिच्या. ही रुसली तर अख्खा गाव मुका व्हईल." आणि रेडिओपाशी फायबरचं भलंमोठं वेटोळं ते राखून ठेवणार. नियमात बसतं त्याच्या दुप्पट. आमचा स्टोअरवाला त्या वेटोळ्यांपायी डोकं धरून बसे. मामांचं उत्तर एकच, "माघारीला असूंदे. उद्या तुटली तर जोडाया कुठनं आणशील?"

हे झालं कामाचं. पण काम करता करता ते जे बोलत, त्याला आदि-अंत नसे. रोह्याच्या बाजारात कोलंबी का महागली, माझ्या सासूबाईंचा गुडघा नेमका कशाने दुखतो, कुंडलिका नदीचं पाणी आज कुठल्या रंगाचं आहे, धरमतरच्या धक्क्याला लागलेला मालाचा बार्ज कसा एका अंगाला कललाय. बायकोच्या स्वभावातल्या ज्या गोष्टी मला संसार करून कळल्या नव्हत्या, त्या मामांनी मला नागोठण्याजवळच्या एका टॉवरवरून, पॉवरचे चाप आवळता आवळता, उदाहरणांसह समजावून सांगितल्या. मी खाली मान वर करून 'हं', 'हं' करत होतो. बाजूने जाणाऱ्या एका गुराख्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. त्याला वाटलं, हा माणूस आकाशातल्या कुणाशी तरी बोलतोय.

आणि मी काही त्यांचा एकटा श्रोता नव्हतो. रेडिओ जोडला, वीज आली, फायबर लागली, की वरून एक फोन लावून बघायचा असतो. त्याला टेस्टिंग म्हणतात. एक फोन लागला की काम संपलं. मामा गावभर लावत. प्रत्येक गावातल्या चार-सहा जणांचे नंबर त्यांच्याकडे होते, आणि टॉवर कुठलाही असो, वर गेले की मामांचं टेस्टिंग सुरू. "टेस्टिंग हाय वयनी. आवाज येतोय ना? बरं, तुझे वाल सुकत घातलेत तिकडं माकडं आलीत गो. काठी घेऊन भायेर ये." कुणाचं रेडकू दावं तोडून खाडीकडे निघालंय, कुणाची म्हातारी आज अंगणात दिसली नाही, रोहा-अष्टमीच्या पुलावर गाड्या तुंबल्यात तेव्हा रिक्षा दुसरीकडून घाला, सगळी खबर वरून. जोह्याला तर त्यांचा मोठाच आधार. तिथल्या मूर्तींच्या कारखान्यांच्या आवारात गणपती ओळीने उन्हात सुकायला ठेवलेले असतात, आणि समुद्राकडून आभाळ चढलं की मामांना ते सगळ्यांच्या आधी दिसे. "टेस्टिंग करतोय. देव आत घ्या." दहा मिनिटांत सगळे गणपती पत्र्याखाली. असं करत करत या भागात एक गोष्ट पक्की झाली: मामांचा फोन आला, म्हणजे टॉवर चालू.

त्यातली एक वयनी धरमतर खाडीच्या काठच्या एका गावात टॉवरच्या पायथ्याशीच राहते. वयस्कर बाई. नवरा मिठागरावर होता, तो वारला. मुलगा उरणला कंपनीत, सणाला येतो. ती दारात चहा-वडा विकते, आमची किटली तिच्याकडचीच. ती फोनवर खाडीच्या पैलतीरावरच्या माणसाला हाक मारावी तशी बोलते, त्यामुळे तिच्याशी बोलताना फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. एका उधाणाच्या भरतीला मामा त्या टॉवरवर होते. मला फायबरच्या रुसव्या-फुगव्यांबद्दल सांगता सांगता एकदम म्हणाले, "थांबा जावईबापू," आणि फोन ठेवला. लगेच वयनीच्या दारातून तिचा आवाज गावभर गेला. "खांड पडतेय गो! भायेरच्या बांधाला खांड पडतेय!" खाऱ्या पाण्याला अडवणारा बाहेरचा बांध एका जागी पाझरायला लागला होता, वरून मामांना तो ओला पट्टा दिसला होता. खांड पडली की खारं पाणी भातात शिरतं आणि जमीन काही वर्षं तरी पिकत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. सगळं गाव घमेली, पेंढा घेऊन धावलं. मीही धावलो, चिखल टाकला, एक चप्पल तिथेच ठेवून आलो. वरून मामा प्रत्येकाला फोन करून सांगत होते, "अजून डावीकडं. अजून. हां, तिथंच." बांध राहिला. मग मामा उतरले. त्यांच्याभोवती सगळं गाव गोळा झालं, म्हातारे हात जोडून उभे राहिले, कुणी विचारलं, "मामा, तुम्हांला कसं कळलं?" मामा म्हणाले, "हं." आणि पट्टे सोडून पिशवीत भरायला लागले. गावाने नवलाने एकमेकांकडे पाहिलं. "माणूस केवढा, पण गर्व नाय." एकाच 'हं'चा अर्थ माझ्या आईने राग असा लावला आणि त्या गावाने नम्रपणा. खरं काय ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, तोवर मलाही नव्हतं.

ते मला बायकोने सांगितलं. मामांचा शब्द लहानपणापासून अडतो. ओठांवर येतो आणि तिथेच थांबतो. शाळेत पोरं हसत, ते एक झालं. पण मोठी माणसं त्याहून वाईट. ती मदत करत. मामांनी 'च' म्हणायला तोंड उघडलं की चारही बाजूंनी सुरू, "चहा? चप्पल? चावी?" कोडं सोडवायला बसल्यासारखी. तरुणपणी रोह्याच्या एका घरी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलीच्या काकांनी रीतीप्रमाणे नाव विचारलं. मामांना स्वतःचं नाव सांगता येईना. नावाचा 'म'च अडला. काका म्हणाले, "निदान नाव तरी पाठ करून यायचं," आणि खोलीत सगळे हसले. मामांनी कपातला चहा शेवटपर्यंत प्यायला, हात जोडले आणि बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी कुणाच्या घरी पोहे खाल्ले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही. टॉवरच्या नोकरीवर ते आधी पोटासाठी लागले. पहिल्याच आठवड्यात वरून खालच्या माणसाला काहीतरी ओरडून सांगावं लागलं, आणि शब्द अडला नाही. मी पुढे एकदा त्यांना याबद्दल विचारलं. अर्थात ते वर असताना. त्यांनी सरळ सांगितलं. "हिथं माझ्या तोंडाकडं कोण बघत नाय, जावईबापू. मी सगळ्यांना बघतो, मला कोण नाय. मंग शब्दाला कशाचं भ्या?" मी म्हटलं, "मामा, फायबर सोडू का?"

राहतात ते रोह्याला लागून, नदीपलीकडच्या अष्टमीला, एका चाळीत टोकाच्या खोलीत, एकटे. रविवारी मी बायकोने दिलेला वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन जात असे. मामा दारातल्या ओट्यावर बसलेले असत. मला बघून आत जात, चहा टाकत, दोन कप आणून ठेवत. मग आम्ही दोघं बसायचो. शेजारच्या खोल्यांतून टीव्हीचे आवाज, पोरांची भांडणं, कुकरच्या शिट्ट्या, आणि या एका ओट्यावर काही नाही. शेजारी वाईट नव्हते, पण न बोलणाऱ्याशी माणसं किती दिवस बोलणार? पोरं त्यांच्या अंगणात चेंडू गेला की दुसरा चेंडू आणत. फोन आत देवांच्या फळीवर ठेवलेला असे, आणि वाजला तरी मामा तो उचलत नसत. दुसऱ्या दिवशी ते वर गेल्यावर मी विचारायचो, "मामा, काल फोन का नाही घेतलात?" तेव्हा ते अगदी गंभीरपणे म्हणत, "खाली रेंज नाय मिळत मला." त्यांच्या खोलीच्या मागेच टॉवर आहे. त्याची वीज आणि फायबर त्यांनी स्वतःच्या हाताने चढवलेली आहे.

आणि मग जोह्याच्या टॉवरवर एका सकाळी ते बोलता बोलता थांबले. खालच्या एका कारखान्यात यंदा देवाचे डोळे कोण रंगवतंय हे सांगत होते, आणि वाक्य अर्ध्यात राहिलं. मी म्हटलं, "मामा?" काही नाही. कानात नुसतं वारं. मी वर पाहिलं तर मामा पट्ट्याला लटकल्यासारखे टॉवरच्या अंगाला टेकलेले, एक हात मोकळा लोंबतोय. मी आयुष्यात कधी तिसऱ्या पायरीच्या वर गेलो नव्हतो. त्या दिवशी बेल्ट न लावता किती चढलो ते मला माहीत नाही, हात घामाने सुटायला लागले तेव्हा कानात आवाज आला, "काय नाय, जावईबापू. जरा गप बसलो व्हतो." मामा वर गप बसत नाहीत. त्यांना घेरी आली होती, आणि ती पहिली नव्हती, हे मला त्या एका वाक्याने कळलं. आम्ही दोघंही हळूहळू उतरलो. ते टॉवरच्या पायथ्याशी बसले, चेहरा राखेसारखा, आणि मी त्यांच्या शेजारी बसून लहान पोरासारखा रडलो. मला लाज वाटली नाही.

पेणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, उंचीवर जायचं नाही. आता नाही आणि पुढेही नाही. ठेकेदाराने मान हलवली आणि म्हणाला, "तुमचे सासरे आहेत, तुम्हीच सांगा." मी त्यांना अष्टमीला सोडायला गाडीने निघालो तेव्हा वाटेत सांगितलं. त्यांना डॉक्टरांच्या तोंडावरूनच कळलं असणार, पण सांगावं तर लागतंच. मामा खिडकीबाहेर बघत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठल्या, शब्द आला नाही. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं, जणू घेरी मलाच आली होती, आणि पुन्हा बाहेर बघू लागले. या माणसाकडून मी नुसती उंची काढून घेत नव्हतो. त्याची वाचाच काढून घेत होतो, आणि ते आम्हां दोघांनाही कळत होतं.

त्यांना खालचं काम दिलं. टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याची खोली असते, तिच्यात बसून फायबरची टोकं मशीनवर जोडायची. हात सोन्याचे, काम उत्तम. पण दिवसभरात एक 'हं'सुद्धा ऐकू येईना. वर जायला नवा रिगर आला. गुणी माणूस, वर जातो, काम करतो, उतरतो, बोलत काही नाही. मी आपला सवयीने कानात इअरफोनची वायर घालून उभा, आणि कानात नुसतं वारं. संध्याकाळी मामा मशीन पुसून ठेवत, पिशवी उचलत, आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागत. त्यांची पाठ लहान दिसायला लागली होती. घरी बायको विचारायची, "मामा काय म्हणाला?" आणि मी रोज काहीतरी बनवून सांगायचो.

महिना उलटला नसेल, आणि मोबाइल कंपनीकडे तक्रारींचा पाऊस सुरू झाला. धरमतरकडची तीन गावं, जोहे, इकडे रोह्याच्या अलीकडची दोन. सगळीकडून एकच, टॉवर बंद आहे. कंपनीच्या यंत्रावर सगळे टॉवर ठणठणीत दिसत होते. शेवटी पनवेलहून एक इंजिनिअर आला, गळ्यात ओळखपत्र, हातात मीटर, आणि मी त्याला घेऊन गावोगाव फिरलो. मीटर सगळीकडे भरून दाखवी. जोह्याच्या कारखानदाराने त्याला आवारात नेऊन ओले गणपती दाखवले. "परवा पाऊस आला. आमचे देव भिजले. टॉवर चालू असता तर भिजले असते?" इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. मी टॉवरकडे पाहिलं. पुढच्या गावात एक बाई अंगणात वाल निवडत होती. तिने फोन दाखवला, वर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या. इंजिनिअर म्हणाला, "ताई, रेंज फुल आहे. मग तक्रार कसली?" ती म्हणाली, "फुल हाय तर मामांचा फोन का नाय आला?" इंजिनिअर म्हणाला, "कोण मामा?" मला हसू आलं. त्या साहेबाने अहवालात काय लिहिलं असेल देव जाणे.

शेवटचं गाव वयनीचं. इंजिनिअर गाडीत जाऊन बसला आणि मी तिच्या बाकड्यावर चहा घेत तिला सगळं खरं सांगितलं. टॉवर चालू आहे, मामा खाली आहेत, आता कायमचे खाली. तिने विचारलं, "मंग खालनं फोन कराया काय झालं?" मी शब्द अडण्याचंही सांगितलं. तिने कढई चुलीवरून उतरवली. "एवढ्यासाठी? मी फोन करतंय तर उचलत का नाय तो?"

"बोलता येत नाही म्हणून."

"उचलाया बोलावं लागतंय व्हय?" ती म्हणाली. "तू रविवारी जातोस ना? उचलून त्याच्या कानाला लाव. बोल नको म्हणावं. मी बोलंन. आन् त्याला काय बोलायचं असंल तर मला कुठं यष्टी पकडायचीय? थांबंन मी."

त्या रविवारी मी डबा घेऊन अष्टमीला गेलो. मामा ओट्यावर बसले होते. चहा झाला, कप खाली ठेवले, आणि आत फळीवर फोन वाजला. मामांनी नेहमीप्रमाणे न ऐकल्यासारखं केलं. मी उठलो, फोन आणला, उचलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला तरी फितूर झालोय. पण वयनीचा आवाज तोवर ओट्यावर येऊन पोचला होता, आणि शेजारच्या टीव्हीच्याही वर गेला होता.

"काय बोलू नको! नुस्ता आयक! मी बांधावर हाय. भरती चढतेय. पाणी अजून हातभर खाली हाय. दोन बगळे हायत. भातानं पोटरी धरलीय, लोंबी येईल आता. तुला दिसायचं त्यातलं आता तुला कायच दिसत नाय, म्हणून सांगतंय. बार्ज एक गेला मगाशी, रिकामा. पाटलाची म्हस पुन्हा सुटलीय, ती मी नाय धरायची. तो तिकडला कोपरा हाय ना, जिथं पाझरलं व्हतं, तिथं आम्ही दगड टाकलाय. तुला विचारायचं व्हतं, तिथंच टाकायचा ना? का अजून डावीकडं?"

आणि ती थांबली. जी बाई दम घ्यायलासुद्धा थांबत नाही ती थांबली. फोनमधून खाडीवरचं वारं ऐकू येत होतं. मामांनी तोंड उघडलं. ओठ पुढे आले आणि तिथेच राहिले, मानेच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला. मला राहवेना. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळत होतं, मी शब्द त्यांच्या तोंडात द्यायला पुढे झुकलो. मामांनी माझ्याकडे न बघताच हाताचा पंजा वर केला. मी मागे सरलो. शेजारचं एक पोर दारात येऊन बघत उभं राहिलं आणि त्याच्या आईने त्याला आत ओढलं. तिकडे वयनी थांबलीच होती. 'हॅलो' नाही, 'आयकतोस का' नाही, काही नाही. नुसतं वारं.

"डा... डा..." मामा म्हणाले, आणि पुन्हा थांबले. आणि मग, कितीतरी वेळाने, "डावीकडं."

"हां," वयनी म्हणाली, जसं काही नेहमीचंच. "मला वाटलंच. बरं, आता त्या पाटलाच्या म्हशीचं आयक."

मी रिकामा डबा उचलला. मामांनी मला थांबायची खूणही केली नाही. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून, म्हशीचं ऐकत होते. टॉवरवरून ते एवढ्या वेळात सगळ्या जिल्ह्याची खबर देऊन मोकळे झाले असते, आणि इथे एक शब्द. तेवढ्याने त्यांचा शर्ट पाठीवर भिजला होता. आता वरून त्यांना कुणाचं अंगण दिसणार नाही, हे काही बदलणार नव्हतं. एसटीसाठी मी अष्टमीचा पूल ओलांडत होतो, कुंडलिकेला भरती होती. रोह्याच्या बाजूला आल्यावर मला मामांना सांगावंसं वाटलं, की पाणी आज गढूळ आहे. मी फोन लावला. मामांचा फोन एंगेज लागला.